मधल्या जागेत माणूस का नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

दुसऱ्या महायुद्धातल्या सॉर्डफिश या ब्रिटिश विमानाची मी किटमधून १/७२ आकाराची (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची) प्रतिकृती केली, तिच्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. विमान तिघांचं, मग आत दोघंच का? टॉर्पेडोच्या (जहाज फोडणाऱ्या पाणतीराच्या) नाकाला बांधलेली तार हा म्हणे माझा कल्पनाविलास. आणि पंखांमधल्या तारा इतक्या जाड, की 'जत्रेतलं खेळणं वाटतं'. हा शेवटचा झोंबला, कारण तो खरा आहे. पण आधी पहिले दोन.

सॉर्डफिशमध्ये पायलट, ऑब्झर्व्हर (वाट दाखवणारा) आणि वायरलेस सांभाळणारा गनर असे तिघं असत, बरोबर. पण मी केलंय ते कुठलंही सॉर्डफिश नाही. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री 'इलस्ट्रियस' या विमानवाहू जहाजावरून इटलीच्या तारांतो बंदरावर गेलेलं, एल४ए अक्षरांचं विमान आहे ते. जाऊन-येऊन पल्ला लांबचा, म्हणून टॉर्पेडोवाल्या विमानांत ६० गॅलनची जादा इंधनाची टाकी ऑब्झर्व्हरच्या, म्हणजे मधल्या जागी बसवली. ऑब्झर्व्हर मागे सरकला आणि गनर जहाजावरच राहिला. म्हणून पुढे पायलट विल्यमसन, मागे ऑब्झर्व्हर स्कारलेट. मधलं जे 'ओबडधोबड पिंप' तुम्हाला खटकलं, तीच ती टाकी. ओबडधोबड आहे खरी. बॉलपेनच्या नळीचा तुकडा घासून केलीय.

आता तार. किटमध्ये ती नाही, हे तुमचं निरीक्षण अचूक. पण तारांतोचं पाणी उथळ. विमानातून सुटलेला टॉर्पेडो नाकावर पडला की आधी खोल बुडी मारतो, मग ठरलेल्या खोलीवर येतो. तिथे तो थेट तळाच्या चिखलात रुतला असता. म्हणून विमानाखाली एक छोटं रीळ लावलं आणि त्यावरची तार टॉर्पेडोच्या नाकाला जोडली. सुटताना ती नाक वर ओढून धरायची आणि सातशे किलोंचं धूड पाण्यावर पोटावर आपटायचं. विहिरीत सूर मारायला जाऊन फाडकन पोटावर पडणारं पोर आठवा, तसंच. फक्त इथे ते मुद्दाम. विल्यमसनच्या टॉर्पेडोने त्या रात्री 'कोंते दी कावूर' ही इटलीची युद्धनौका फोडली. त्याचं विमानही पडलं, पण दोघं वाचले आणि कैद झाले. गेलेल्या २१ विमानांपैकी दोनच परतली नाहीत. कापडाने मढवलेलं दुपंखी विमान हे, म्हणून मला त्याचं इतकं वेड. असो.

राहिल्या तारा. शिवणाच्या डब्यातला दोरा वापरला होता, जाडी ०.३ मिलिमीटर. तुमची प्रतिक्रिया वाचून ७२ ने गुणलं: २१.६ मिलिमीटर! म्हणजे खऱ्या विमानाला अंगठ्याएवढ्या सळया लावल्यासारखं. खऱ्या तारा तर चपट्या, वारा कापत जाणाऱ्या. हा गुणाकार आधीच करायला हवा होता, उगाच दोन रविवार गाठी मारत बसलो.

काल डाव्या बाजूचे सगळे दोरे ब्लेडने कापले. आता किटच्या चौकटीतलं उरलेलं प्लास्टिक मेणबत्तीवर धरतो, चकाकायला लागलं की ज्योतीबाहेर काढून दोन्ही हातांनी ताणतो. केसासारखा धागा निघतो. घाई केली तर तुटतो, रेंगाळलो तर बोट भाजतं. दहा-बारा वाया गेले, तीन बसलेत. उजव्या बाजूला अजून तुमचं जत्रेतलं खेळणंच आहे.