छताजवळचा यूव्ही दिवा आणि मीटरचा हलणारा काटा

बरेच दिवस एक मजकूर फिरतोय: ‘दवाखान्यात छताजवळ लावलेले जंतुनाशक यूव्ही दिवे चालू असताना खोलीत थांबू नका. त्वचेचा कर्करोग होतो, डोळे जातात. खाली मीटर धरून बघा, काटा हलतोच.’ अशा भीतीपोटी क्षयरोगाच्या वॉर्डात वरच्या हवेतले जंतू मारणारे हे दिवे बंद पडून राहिले, तर त्याची किंमत रुग्ण आणि परिचारिका मोजतील, म्हणून हे लिहितोय.

काटा हलतो, हे खरं. पण किती? या दिव्यांच्या यूव्ही (अतिनील) किरणांची तरंगलांबी सहसा २५४ नॅनोमीटर असते; त्यासाठी डोळ्यांची मर्यादा आठ तासांत दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल धरतात. डोळ्यांवर सतत दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोवॅट पडत राहिले, तर आठ तासांत ५.७६ मिलिज्यूल होतात. तेही माणूस पाळीभर त्याच जागी, दिव्याकडे तोंड करून बसला तर. परिचारिका उठते, वाकते, पाठ फिरवते, बाहेर जाते. अंगावर मापक लावून मोजलं, तेव्हा खोलीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावरून मांडलेल्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष डोस कितीतरी कमी भरला. एका कोपऱ्यात ०.३ मायक्रोवॅट दिसलं म्हणून दिवे काढणं किंवा मंद करणं चुकीचं आहे. मंद दिव्यानं वरची हवा नीट निर्जंतुक होतच नाही.

कर्करोगाचं म्हणाल, तर २५४ नॅनोमीटरचे किरण बहुतांशी त्वचेच्या वरच्या थरांतच अडतात. उन्हातले यूव्ही-ए आणि यूव्ही-बी त्याहून खोल जातात.

‘डोळे जातात’? जास्त डोस बसला तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं. बहुधा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. त्रास खराच आहे, आणि तो टाळता येतो. अमेरिकेत १९९७ ते २००४ दरम्यान सहा शहरांतल्या बेघरांच्या १४ निवाऱ्यांत हे तपासलं गेलं. काही काळ खरे दिवे, काही काळ नकली. राहणाऱ्यांना कुठले ते माहीत नाही. ३,६११ जणांना विचारलं. डोळ्यांच्या किंवा त्वचेच्या तक्रारी ६ टक्क्यांच्या आसपास, आणि खऱ्या-नकली काळांत लक्षणीय फरक नाही. यूव्हीमुळेच डोळे सुजल्याची खात्रीशीर घटना एकच. दिवे बसवले तेव्हा तिथे साधी खाट होती. नंतर कुणीतरी दुमजली खाट आणून ठेवली. वरच्या खाटेवरचा माणूस थेट किरणांच्या पट्ट्याजवळ गेला.

म्हणून मीटर धरायचा तो माणसाचे डोळे जिथवर पोचू शकतात तिथे: वरच्या खाटेच्या उशीशी, शिडीवर चढणाऱ्याच्या तोंडापाशी. खाटा हलल्या, चकचकीत पत्रा लागला, दिवा बदलला, की पुन्हा मोजायचं. वेगळ्या प्रकारच्या, २२२ नॅनोमीटरच्या दिव्याला त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेला मीटर हवा. २५४ चा चालणार नाही, आणि त्याची मर्यादाही वेगळी आहे.

कोविडच्या काळात विकल्या गेलेल्या उघड्या यूव्ही-सी (जंतुनाशक यूव्ही) नळ्या आणि हातात धरायच्या कांड्या मात्र चालू असताना खोलीत कुणीही थांबू नये. तेवढ्यापुरता तो मजकूर बरोबर आहे.