लेकीचे सोळा तास, माझे साडेएकतीस

"आई, सोळा तासांचा तर प्रवास!" असं लेक म्हणाली आणि मी त्या हिशेबाने डबा भरला. दशम्या, लसणाची चटणी, वर आपली इंदुरी शेव.

सोळा तास हे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. आई इंदूरला राहते हे बाईंच्या हिशेबातून गळलंच. रविवारी दुपारी २ वाजता सुदामानगरातून निघाले, साडेचारचं विमान, सहाला दिल्ली. पुढचं विमान पहाटे ३ वाजता! नऊ तास त्या लोखंडी खुर्चीत. दशम्या तिथेच संपल्या. लेकीच्या दारात उभी राहिले तेव्हा मनगटावर सोमवारचे रात्रीचे साडेनऊ, तिच्या भिंतीवर सकाळचे नऊ. (उन्हाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत फरक साडेबारा तासांचा, म्हणून महिनाभर मी घड्याळ बदललंच नाही. अर्धा तास कमी करायचा आणि रात्रीला सकाळ म्हणायचं.)

आता बघा. इंदूर ते दिल्ली हवेतून जेमतेम ६६० किमी. पुढचं सरळ अंतर १२,३०० किमीच्या वर. म्हणजे सगळ्या अंतराचा विसावा हिस्सा, आणि त्यात माझे तेरा तास गेले.

नातवाकडे पृथ्वीचा गोल आहे. साडीला फॉल लावायचा दोरा घेऊन आम्ही दोघं बसलो. एक टोक दिल्लीवर, एक सॅन फ्रान्सिस्कोवर. भिंतीवरच्या नकाशात वाटतं, युरोपावरून जायचं. पण दोरा ताणला की तिथे राहीचना, सरकत सरकत उत्तर ध्रुवाजवळ जाऊन बसला. दिल्ली ७७ अंश पूर्वेला, हे गाव १२२ अंश पश्चिमेला, म्हणजे गोलाच्या जवळजवळ पलीकडच्या अंगाला.

विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही. जावई म्हणाले, एअर इंडियाने २०१६ मध्ये हे उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला घेतलं. रस्ता सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झाला, आणि वेळ दोनेक तासांनी कमी! वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो पाठीशी घेतला म्हणून. ऐकून मला फार बरं वाटलं. नुसते किलोमीटर मोजणाऱ्यांची तिथेही फजिती होते तर.

माझं स्पष्ट म्हणणं आहे, परदेशातल्या मुलांनी आईबापांना उड्डाणाचे तास सांगूच नयेत. इथे कुलूप लावल्यापासून तिथली बेल वाजेपर्यंतचे सांगा. आणि चार पैसे वाचले म्हणून म्हाताऱ्या माणसाला रात्रभर दिल्लीत बसवू नका हो. "स्वस्तात मिळालं" म्हणून लेक किती खूश होती! गुडघे माझे होते.

परतीला दिल्लीत सात तास होते. त्या वेळी दशम्या लेकीने केल्या. मोजून, तीस तासांच्या.