मुक्काम-कर वाचवण्याचे खात्रीशीर उपाय

सहलीचा मोसम तोंडावर आला आहे आणि गावोगावच्या नगरपालिकांना एकदमच सुबुद्धी सुचली आहे : पाहुण्याकडून चार पैसे घ्यावेत. तुमच्यासारख्या हिशेबी माणसाने अशा वेळी गाफील राहून कसं चालेल?

परदेशी जाणार असाल तर स्कॉटलंडमधलं एडिंबरा बघा. तिथल्या नगर परिषदेने जानेवारी 2025 मध्ये मुक्काम-कर मंजूर केला. 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामांवर भाड्याच्या 5 टक्के, पण सलग पहिल्या पाच रात्रींपुरताच. सहाव्या रात्रीपासून झोप करमुक्त! तेव्हा रोज 150 पौंडांची खोली घ्या आणि तीस रात्री ठाण मांडून बसा. पंचवीस रात्रींचे मिळून 187.50 पौंड वाचतील. भाड्यापोटी साडेचार हजार पौंड जातील, पण तो काही कर नव्हे; त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

व्हेनिसची तऱ्हा निराळी. तिथे 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात, केवळ दिवसापुरते येणाऱ्यांना शुल्क पडतं. मुक्कामी पाहुण्याला ते माफ, कारण तो रात्रीचा कर वेगळा भरतो. उपाय सोपा आहे. चार वाजून गेल्यावर शिरायचं, रात्रभर कालव्याकाठी डास मारत बसायचं आणि साडेआठच्या आत निघायचं. फोटो काळे येतील. येऊ देत.

आपल्या शेजारी, गोव्यात, कळंगुट पंचायतीने 2024 मध्ये ठराव केला की हॉटेलचं बुकिंग न दाखवणाऱ्या पर्यटकाकडून गावात शिरतानाच कर घ्यावा. म्हणजे एडिंबऱ्यात झोपणारा गुन्हेगार, कळंगुटात न झोपणारा! पंचायतीची तक्रार अशी की लोक किनाऱ्यावरच चूल मांडतात आणि खरकटं तिथेच टाकून जातात. तुमचं नाव कोणी घेतलेलं नाही, उगाच अंगावर ओढून घेऊ नका. फक्त एवढं लक्षात असू द्या की उघड्यावर रांधलं तर गोव्यात मोठ्या दंडाची तरतूद आहे. पुलाव घरूनच न्या, कुकर गाडीत लपवा.

माथेरानला जाणाऱ्यांसाठी मात्र खास तयारी हवी, कारण दस्तुरी नाक्यावर प्रवेशकराची पावती फाडायला जिवंत माणूस बसलेला असतो. त्याला सोडू नका. ‘आम्ही टॅक्स भरतो’, ‘आमचे एक नातेवाईक मंत्रालयात आहेत’, ‘पोरगं पाच वर्षांचंच आहे, जरा उंच आहे’ ही वाक्यं पाठ असावीत. मागे रांग खोळंबली तर खोळंबू दे, तत्त्वाचा प्रश्न आहे. पुढे घोडेवाला सांगेल तो भाव द्यायचा असल्यामुळे इथेच काय ती घासाघीस उरकून घ्यावी. आणि वर गेल्यावर, मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावरून तुमची रिकामी बाटली आपल्या पायांनी खाली उतरेल, अशी श्रद्धा ठेवा.

हॉटेलच्या बिलाकडे मात्र चुकूनही पाहू नका. आठ हजारांच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 1440 रुपये. तो केंद्र आणि राज्य वाटून घेतात. ज्या गावाचं पाणी तुम्ही दोनदा शॉवर घेऊन संपवलंत, त्याच्या पेटीत त्यातलं थेट काही पडत नाही. पण ॲपवर बोट दाबताना भांडायचं कोणाशी? समोर खिडकी नाही, खिडकीत माणूस नाही. मुकाट भरा. आपला बाणा पावती फाडणाऱ्यासाठी राखून ठेवायचा.

नगरसेवकांनाही एक सूचना. कर आला की आधी गावाच्या नावाचा लाल बदाम घातलेला सेल्फी पॉइंट उभारा, शेजारी सर्व सदस्यांच्या फोटोंचा फलक. स्वच्छतागृहाचा विषय पुढच्या सभेत घ्या. पाहुण्याला पैसे कुठे गेले ते दिसलं पाहिजे ना!

यातलं काहीच जमलं नाही, तर आपल्याच घरी झोपा. तिथे घरपट्टी आहे, झोपा किंवा जागे राहा, वर्षभराची. पण ती दंड माफ करणारी अभय योजना जाहीर होईपर्यंत भरायची नसते, हे तुम्हाला मी काय सांगावं?