आपण की आम्ही?

परवा रात्री अडीचला एक कादंबरी संपवली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितोय. डेव्हिड निकल्सची इंग्रजी कादंबरी 'अस' (Us). 2014 ची आहे, त्या वर्षी बुकर पुरस्काराच्या लाँगलिस्टमध्ये होती, 2020 ला बीबीसीने त्यावर सिरीयलही केली. पुढे थोडी स्टोरी फुटणार आहे, ज्यांना वाचायचीय त्यांनी इथेच थांबा.

डग्लस पीटरसन, वय 54, बायोकेमिस्ट, एकदम शिस्तीतला माणूस. बायको कॉनी चित्रकार, मुलगा अल्बी 17 वर्षांचा. एका रात्री कॉनी नवऱ्याला सांगते की आपलं लग्न आता संपलंय बहुतेक, मला वेगळं व्हावंसं वाटतंय. पण मुलगा कॉलेजला जायच्या आधी तिघांनी युरोप फिरायचा, पॅरिस, ॲमस्टरडॅम, म्युनिक, व्हेनिस, हा बेत आधीच ठरलेला असतो आणि तो काही रद्द होत नाही. मग हा बिचारा मनाशी ठरवतो की या ट्रीपमध्ये बायकोला परत आपलंसं करायचं आणि पोराच्या नजरेतही वर चढायचं, आणि त्यासाठी काय करतो तर अजून कडक प्लॅनिंग!

माझ्या बायकोने माझ्याआधी वाचली, तिला डग्लसचा राग आला. मला आधी कॉनीचा आला. पण खरं सांगू का, कॉनी कुठेच खोटं वागत नाही, जे आहे ते तोंडावर सांगते. आणि त्या दोघांनी अल्बीच्या आधी एक मुलगी जन्मल्यावर काही दिवसांतच गमावलेली आहे, जेन नाव तिचं. ते प्रकरण वाचल्यावर यात चूक कोणाची हा प्रश्नच मला विचारावासा वाटेना.

लेगोचा प्रसंग तर विसरूच शकत नाही. अल्बी लहान असताना बाप त्याच्याबरोबर लेगो जोडतो आणि ते मोडू नये, कायमचं टिकावं म्हणून चक्क गोंदाने चिकटवून टाकतो. पोरगं रडतं, आणि बापाला कळतच नाही का रडतंय, कारण त्याच्या दृष्टीने त्याने प्रेमच केलेलं असतं ना! आपल्याकडच्या किती बापांनी असं केलंय, मुलाच्या नावाने एफडी, क्लास, इंजिनीअरिंगची सीट, सगळं घट्ट चिकटवून ठेवायचं, आणि मग म्हणायचं इतकं केलं तरी घुम्यासारखा बसतो.

पण मला हलवलं ते ॲमस्टरडॅमने. हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला अल्बीची शस्त्रांच्या धंद्यातल्या काही लोकांशी बाचाबाची होते, आणि डग्लस मुलाच्या बाजूने उभं राहायचं सोडून त्या परक्या माणसांची माफी मागतो, माझ्या मुलाच्या वतीने सॉरी म्हणून. अल्बी निघून जातो. मग कॉनी घरी परतते आणि हा एकटा इटलीत पोराला शोधत फिरतो.

तिथे पुस्तक खाली ठेवलं मी. 2018 च्या मे मध्ये आम्ही ग्रुप टूरने स्वित्झर्लंडला गेलो होतो, मुलगी तेव्हा 15 वर्षांची. ल्युसर्नला खडकात कोरलेला तो मरणारा सिंह आहे, 1792 मध्ये पॅरिसला मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांच्या आठवणीत केलेला, पाठीत भाला घुसलेला आणि पंजा ढालीवर. ती समोर बसून स्केच काढत होती आणि बसला बारा मिनिटं उशीर झाला. सगळी बस आमच्याकडे बघत होती. ती पायरी चढत असतानाच मी हात जोडून म्हणालो, "सॉरी हं मंडळी, आमची अशीच आहे." लोक हसले. ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि नंतर झुरिकपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं उशीर केला म्हणून ओशाळलीये.

इंग्रजीत 'अस' हा एकच शब्द, पण आपल्याकडे दोन आहेत. 'आपण' म्हटलं की समोरचा त्यात असतो, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर. मला वाटतं ही अख्खी कादंबरी या दोन शब्दांमधल्या जागेत घडते. आणि त्या दिवशी बसमध्ये माझं 'आपण' त्या चाळीस अनोळखी लोकांबरोबर होतं, पोरीबरोबर नव्हतं.

काल रात्री फोन करून तिला विचारलं, आठवतंय का गं ल्युसर्नचं? म्हणाली, "बाबा, उशीर झाला हे मी स्वतःच सॉरी म्हणणार होते. तू आधीच बोललास." मग जरा थांबून म्हणाली, स्केचबुक आईच्या कपाटात असेल बघ. आज सकाळी शोधलं, सापडलं. आयाळ सुरेख जमलीये, पाठीतला भालाही आहे. पंजा राहिलाय.