घरात मांजर, समोर घोडबंदर रोड आणि लॅपटॉपचा कीबोर्ड

ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रोडच्या पट्ट्यात राहणाऱ्या आणि घरी मांजर किंवा कुत्रा असणाऱ्या मंडळींसाठी ही पोस्ट लिहीत आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लॅपटॉपचे बटण अडकत असल्याची तक्रार कोणी केली, की पहिला सल्ला येतो तो प्राण्याला त्या खोलीत फिरकू देऊ नका असा, आणि दुसरा येतो तो कीबोर्डवर सिलिकॉनचे कव्हर घाला असा. मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत. केस आणि धूळ वरच्या वर असतात तोवर ब्रशच्या चार फटकाऱ्यांत निघून जातात. तीच कळीच्या खाली उतरली, की काम अवघड आणि महाग होते. म्हणून सगळी काळजी त्या पहिल्या टप्प्यावरच घ्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भागात रस्ते, मेट्रो आणि नव्या इमारती यांची कामे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी चालू असल्यामुळे दिवाळीपासून मेअखेरपर्यंत सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर संध्याकाळी पुन्हा बोट उमटते. ही धूळ सिमेंटची आणि बारीक रेतीची, म्हणजे कठीण असते. ती नुसतीच असली तर लॅपटॉप उलटा धरून हलवल्यावर बरीचशी गळून पडते, पण तिला प्राण्याचा केस मिळाला, की त्याच्याभोवती तिचा गुंता होतो आणि तो जागचा हलत नाही. त्यातच जूनचा दमटपणा आणि बोटांचा तेलकटपणा मिसळला, की तो गुंता चिकट होऊन बसतो. त्यामुळे कीबोर्डची खरी साफसफाई पावसाळ्यापूर्वी झालेली असावी.

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रत्येक कळीखाली कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या दोन नाजूक प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, त्यांच्या मधोमध रबराचा छोटासा घुमट असतो आणि त्याखाली विद्युतवाहक रेघा छापलेले पातळ पापुद्रे असतात. कळ खाली जाते ती जेमतेम एक ते दीड मिलिमीटर. एवढ्याशा अंतरात रेतीचा एक कण आला, तरी दाब पुरता पोहोचत नाही. आणि केस त्या चौकटीच्या खुंटीभोवती गुंडाळला गेला, तर कळ खाली जाते पण वेळेवर वर येत नाही. ही जागा किती नाजूक आहे, याचा धडा ॲपलसारख्या कंपनीलाही मिळाला आहे. तिने २०१५ साली बारा इंची मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ नावाची आणखी पातळ रचना आणली, बारीक कण अडकून कळा बिघडत असल्याच्या तक्रारी वाढल्या, २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०१९ च्या अखेरीस सोळा इंची मॅकबुक प्रोपासून कंपनी पुन्हा कात्रीच्या रचनेकडे वळली.

मी रोज इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळरचनेवर, मराठी टाइप करते. त्यात काना इंग्रजी ‘ई’च्या कळीवर असतो, आणि मराठीत ही कळ सतत दाबावी लागते. मध्यंतरी ती अडखळू लागली आणि ‘काम’चे ‘कम’, ‘राम’चे ‘रम’ होऊ लागले. दुरुस्ती करणाऱ्याने भिंगाखाली कळीची टोपी अलगद उचलून दाखवली, तेव्हा चौकटीच्या खुंटीला आमच्या मनीचा एकच पांढरा केस दोन वेढे घालून बसलेला दिसला आणि त्या वेढ्यांत करड्या धुळीचे कण अडकलेले होते. चिमट्याने तो ओढून काढताच कळ पूर्वीसारखी चालू लागली. एका केसाने एवढे होत असेल, तर महिनोन्महिने ब्रश न लागलेल्या कीबोर्डाची अवस्था काय असेल, याचा विचार करावा.

सिलिकॉनच्या कव्हराबद्दल माझा आक्षेप असा, की धूळ आणि केस यांना सिलिकॉनइतके धरून ठेवणारे दुसरे काही क्वचितच सापडेल. कव्हराच्या कडेने ते खाली सरकतात आणि तिथे दमट हवेसह कोंडून राहतात. काही लॅपटॉपची उष्णता कीबोर्डमधूनही बाहेर पडते, तिलाही अडथळा होतो. शिवाय पातळ लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळा यांच्यात इतके कमी अंतर असते, की कव्हर तसेच ठेवून झाकण लावल्यास पडद्यावर दाब येतो. रोज काढून, धुऊन, वाळवून घालणाऱ्याला कव्हर उपयोगी पडेलही, पण उठताना झाकण लावण्याला त्यापेक्षा कितीतरी कमी कष्ट पडतात.

दुसरा धोका ब्लोअरचा. दुकानात यंत्र उघडून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारतात, तिथे त्याला अर्थ असतो. घरी न उघडलेल्या कीबोर्डवर वरून सरळ झोत मारला, तर केसांना बाहेर जायला वाट नसते आणि ते शेजारच्या कळीखाली जाऊन बसतात. तोंडाने फुंकर मारल्यास थुंकीचे तुषार जातात ते वेगळेच. दाबलेल्या हवेचा फवारा मारणारा डबा वापरायचा असेल, तर ॲपलने मॅकबुकसाठी सांगितलेली पद्धत मला सर्वांत समजूतदार वाटते: लॅपटॉप साधारण ७५ अंशांत तिरका धरायचा, डावीकडून उजवीकडे नागमोडी झोत मारत जायचे, मग लॅपटॉप उजव्या कुशीवर आणि नंतर डाव्या कुशीवर वळवून तेच पुन्हा करायचे. डबा मात्र उभाच धरावा, कारण तो उलटा झाला की आतले द्रव बाहेर पडते आणि ते अतिथंड होते.

पण डब्याच्या आधी ब्रश. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, कीबोर्ड खाली झुकवून पाठीवर हलकेच थापटावे आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा इंचभर रुंदीचा मऊ, कोरडा रंगाचा ब्रश कळांच्या रांगांमधून एकाच दिशेने कडेपर्यंत फिरवावा. हा ब्रश दुसऱ्या कशालाही वापरू नये. उरलेले केस मास्किंग टेपची चिकट बाजू बाहेर ठेवून केलेली पट्टी फटीतून ओढली, की तिला लागून येतात. शेवटी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेले मायक्रोफायबरचे फडके वरून फिरवावे. द्रव फडक्यावर घ्यायचे, लॅपटॉपवर कधीच शिंपडायचे नाही. कीबोर्ड साफ करण्यासाठी बाजारात मिळणारी रंगीत जेली मेच्या उकाड्यात मऊ पडते आणि तिचे अंश फटीत राहू शकतात, म्हणून मी ती वापरत नाही. कळा नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटण्याच्या फंदात पडू नये, विशेषतः स्पेसबार आणि एंटर, कारण त्यांच्याखाली बारीक तार अडकवलेली असते.

राहिला प्रश्न प्राण्याचा. मांजर लॅपटॉपवर येते ते त्याच्या उबेसाठी आणि आपण तिथे असतो म्हणून. त्याला खोलीबाहेर कोंडणे मला निर्दयपणाचे वाटते. टेबलावर शेजारीच जुनी चादर घडी करून दिली, तर ते बहुधा तिथे स्थिरावते. रोज रबरी ब्रशने त्याचे गळते केस काढले, तर कीबोर्डवर पडायला फारसे उरतच नाहीत. लॅब्राडोर किंवा पॉमेरेनियनसारख्या, केसांचे दोन थर असणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत, ऋतू बदलताना तर हे टाळून चालतच नाही. कुत्रा झोपतो त्या गादीवर लॅपटॉप ठेवून काम करू नये, कारण बऱ्याच लॅपटॉपचा पंखा तळातूनच हवा ओढतो.

एक तक्रार मात्र उत्पादकांकडे आहे. पूर्वी अनेक लॅपटॉपचे कीबोर्ड मोजक्या स्क्रूंनी बसवलेले असत. आता पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ते प्लॅस्टिकच्या खुंट्या वितळवून वरच्या पट्टीलाच, म्हणजे कळांभोवतीच्या आवरणालाच, जोडलेले असतात, त्यामुळे कीबोर्ड बदलायचा तर बहुधा अख्खी पट्टी बदलावी लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा चर्चेत मोबाइल, वाहने आणि शेतीची अवजारे आघाडीवर होती. लॅपटॉपचा कीबोर्ड स्वतंत्रपणे बदलता येणे हीसुद्धा त्याच हक्काची मागणी व्हायला हवी. तोवर नवा लॅपटॉप घेताना विक्रेत्याला रॅम आणि स्टोरेजबरोबर एवढे जरूर विचारावे, की याचा कीबोर्ड वेगळा निघतो का, आणि निघत असल्यास तो सुटा किती रुपयांना मिळतो.