रेनकोटवर पण नाव लावा

आज सकाळी कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नलला थांबले होते, पाऊस धो धो, आणि पुढं एका डिलिव्हरीवाल्या पोराचं चाक झेब्रा पट्ट्यावर गेलं म्हणून ड्युटीवरच्या पोलिसानं त्याच्या कानफटात मारली. पोरगं विशीचं पण नसंल. पोलिसाच्या अंगावर रेनकोट, नावाची पट्टी आत झाकलेली.

मला लगेच आमचा बारका भाऊ आठवला. तीन वर्षं झाली. शाहू स्टेडियमवरची मॅच सुटलेली, गर्दीत कुठंतरी ढकलाढकली झाली, हा लांब गाडी काढत होता आणि कोपरावर पोलिसाची काठी बसली. हाड मोडलं. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, कुणी मारलं? नाव सांगा, नायतर बक्कल नंबर सांगा. अहो, जाकीट घातलेला माणूस, डोक्यावर हेल्मेट, मार चुकवत पळणारं पोरगं छातीवरची पट्टी वाचत थांबणार होय??

कायदा नाही असं पण नाही. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९६ सालीच सांगितलंय, अटक करणाऱ्या पोलिसाचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटक-तपास कसा करायचा त्याच्या कायद्यात, कलम ३६ मध्ये पण नावाचं तेच आहे. पण सगळं अटकेपुरतं! काठी घातली, मुस्काडात दिली, ती काय अटक नव्हं, मग नाव कशाला दाखवायचं? अटक करताना नाव उघडं आणि हाड मोडताना झाकलेलं, हे आपण चालवून कसं घेतो? २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात कोर्टानं पोलीस तक्रार प्राधिकरण करा म्हणून सांगितलं, ठीकाय, पण तिथं गेलो तरी तक्रार लिहायची कुणाच्या नावानं?

पोलीस बारा-बारा तास उभं राहतात, २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाण्यात उतरून म्हाताऱ्यांना ह्यांनीच बाहेर काढलं, मान्य, विसरले नाही मी. तेव्हा पण त्यांची नावं कळली असती तर बरंच झालं असतं की. रेनकोटवर, जाकिटावर, हेल्मेटवर मोठ्या अक्षरात नाव नायतर नंबर टाकायला असा कितीसा खर्च येतो?

बारक्याचा हात अजून पूर्ण सरळ होत नाही. गोलकीपर होता तो पेठेतल्या टीमचा.

आज मी गाडी कडेला लावून त्या पोलिसाला विचारलं, साहेब, नाव काय तुमचं? ते म्हणाले, "मॅडम, पुढं चला, ट्रॅफिक अडतंय." आणि मागनं हॉर्न वाजाय लागले, ते पोरगं गाल धरून निघून गेलेलं, मी पण गेले पुढं. घरी बारक्याला अजून सांगितलं नाही.