शारला न्यूटाईपशी काही देणंघेणं नव्हतं?

‘गंडम’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या चाहत्यांमध्ये तिच्यातल्या शार आझ्नाबल या पात्राबद्दल एक मत हल्ली जिथे तिथे वाचायला मिळतं. थोडक्यात ते असं : ‘न्यूटाईप ही शारच्या तोंडची नुसती भाषा. आधी त्याला झाबी घराण्यावर सूड उगवायचा होता, मग नाव बदलून लपायचं होतं, आणि शेवटी लालाहच्या मृत्यूचा हिशोब आमुरोशी चुकता करायचा होता. उत्क्रांत माणसाविषयी त्याचं मत बदललं म्हणता, पण मुळात त्याला मत होतंच कुठे?’

मला हे साफ अमान्य आहे. ज्या प्रसंगांचा दाखला देऊन हे म्हटलं जातं, तेच प्रसंग थोडे मागेपुढे करून पाहिले की उलटं चित्र दिसतं.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. योशियुकी तोमिनो यांची मूळ ‘मोबाईल सूट गंडम’ १९७९ साली जपानी टीव्हीवर आली. तिच्या जगात झिऑन झुम डायकुन नावाच्या विचारवंताने सांगून ठेवलंय की अवकाशात राहायला गेलेला माणूस बदलेल, गैरसमजांशिवाय एकमेकांना ओळखू शकेल. तो माणूस म्हणजे न्यूटाईप. शार हा या डायकुनचा मुलगा. बापाच्या मृत्यूचा दोष तो सत्ताधारी झाबी घराण्याला देतो आणि मुखवटा चढवून त्यांच्याच सैन्यात शिरतो. आमुरो हा शत्रूपक्षाचा गंडम नावाचं लढाऊ यंत्र चालवणारा तरुण नायक, आणि लालाह ही शारने युद्धात आणलेली न्यूटाईप मुलगी, जी आमुरोच्या हातून मरते.

पहिला मुद्दा सुडाचा. सूड खराच आहे. दहाव्या भागात तो जिवलग म्हणवणाऱ्या गार्मा झाबीला मरणाच्या तोंडी देतो, तेव्हा न्यूटाईपचं नावही त्याच्या ओठावर नसतं. पण हा सूड तर मूळ मालिकेच्या शेवटी, किशिलिया झाबीला मारून, पुरा होतो. फक्त सूडच असता तर शारची गोष्ट तिथेच संपायला हवी होती. आणि तो स्वतःच शेवटच्या लढाईत म्हणतो की झाबींना खाली खेचणं आता जाता जाता करायचं काम उरलंय, पुढचा काळ न्यूटाईपचा आहे.

त्याच लढाईतली आबाओआकू या अवकाशातल्या किल्ल्याच्या आतली तलवारबाजी आठवा. आमुरो म्हणतो, लालाहला युद्धात तू ओढलंस. शार उत्तर देतो की युद्ध नसतं तर लालाहमधला न्यूटाईप जागाच झाला नसता. मग म्हणतो, तुझ्यासारखा न्यूटाईप आज फार धोक्याचा आहे, मी तुला मारणार. दोघांच्या तलवारी एकमेकांना लागतात, हेल्मेट होतं म्हणून शार वाचतो. आणि थोड्याच वेळात तोच शार त्याच आमुरोला म्हणतो, माझा साथी हो, लालाहलाही बरं वाटेल. न्यूटाईप म्हणजे हत्यार, न्यूटाईप म्हणजे धोका, न्यूटाईप म्हणजे सोबती. एका लढाईत तीन मतं! मत नसलेला माणूस असा हेलकावत नाही. ज्याला ते सोडताही येत नाही आणि धरताही येत नाही, तोच असा हेलकावतो.

दुसरा मुद्दा, ‘झेटा गंडम’ या पुढच्या मालिकेत तो लपला होता. ही १९८५ची मालिका. गोष्टीत मधे सात वर्षं गेली आहेत आणि शार क्वात्रो बाजिना या नावाने लढतोय. लपला होता हे खरं. या मालिकेचा तरुण नायक कामिल त्याला विचारतो, तुम्ही शार आहात ना? तो म्हणतो, मी क्वात्रो बाजिना, बस. कामिल त्याला ठोसा मारतो. मागे कोलमडताना शारच्या डोळ्यांत पाणी असतं आणि तो एवढंच म्हणतो, ‘हेच का ते तारुण्य.’ मला हा प्रसंग त्याच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठा वाटतो. न्यूटाईपचा काळ यायचा तर तो या मुलाच्या पिढीत येणार आणि आपण त्या पिढीसमोर खोटं बोलतोय, हे त्याला त्या क्षणी कळतं. पुढे डकारमध्ये, पृथ्वीच्या सरकारच्या सभेत, सगळं जग पाहत असताना, तो आपलं खरं नाव सांगतो आणि पृथ्वीला विश्रांती द्या म्हणतो. लपणारा माणूस असं कशाला करेल?

पण त्याच मालिकेत त्याची आशा झिजतेही. झिऑनच्या उरल्यासुरल्या सैन्याची म्होरकी हामान हिने झाबींची लहानगी वारस मिनेवा हिच्या तोंडी झाबींचीच भाषा घातलेली पाहून तो भर दरबारात भान विसरतो. हामान आणि शत्रूपक्षातला शिरोक्को दोघंही न्यूटाईप, पण दोघांनाही सत्ता हवी. आणि ज्याच्याकडून सर्वांत जास्त अपेक्षा, त्या कामिलचं मन शेवटच्या लढाईत विझून जातं.

आता तिसरा मुद्दा. सर्वांत लोकप्रिय, आणि अर्धा खरा. १९८८च्या ‘शार्स काउंटरअटॅक’ या चित्रपटात शार पृथ्वीवर ॲक्सिस हा लघुग्रह पाडायला निघतो, त्याआधी ल्हासावर एक पाडूनही झालेला असतो. तरी न्यूटाईपच्या मनाला लढाऊ यंत्राशी जोडणाऱ्या सायकोफ्रेमचं तंत्र तो स्वतःच शत्रूकडे पोचू देतो, आमुरोशी बरोबरीने लढता यावं म्हणून. आणि शेवटी म्हणतो, लालाह माझी आई होऊ शकली असती. बघा, म्हणतात, सगळं लालाहसाठी होतं.

लालाह त्याला कधीच सुटली नाही, हे मीही म्हणतो. कपाळावर टिकली असलेली ती शांत मुलगी आपल्याकडच्या प्रेक्षकांना तर चटकन जवळची वाटते. पण ते एकच वाक्य उचलून आणणं हा शारवर अन्याय आहे. याच चित्रपटात तो म्हणतो की सगळ्या मानवजातीला न्यूटाईप करायचं तर कुणीतरी तिची पापं डोक्यावर घ्यायला हवीत. झिऑन डायकुनने हे कधी सांगितलं नव्हतं. बापाच्या लेखी माणूस आपोआप बदलणार होता, मुलाच्या लेखी आता त्याला पृथ्वीवरून हुसकावून बदलायचं आहे. मत बदललं ते इथे. १४ वर्षं वाट पाहून त्याचा धीर संपलाय. म्हणून आमुरो त्याला सुनावतो की मी तुझ्याइतका उतावीळ नाही आणि माणसाबद्दल निराशही नाही.

या उतावीळपणाची किंमत शारच्या बाजूला आलेली क्वेस ही कोवळी मुलगी देते. तिच्यात न्यूटाईपची ताकद आहे, आणि तिला हवा आहे बाप. शार तिला लढाऊ यंत्रात बसवतो. लालाहचं वाक्य येण्याच्या जरा आधी, आमुरोशी वाद घालताना, हे त्याला स्वतःलाच उमगतं : ती बाप शोधत होती, मला त्याचा जाच झाला, म्हणून मी तिचं यंत्र केलं. हे बोलून झाल्यावर आमुरो त्याला खुज्या मनाचा म्हणतो, आणि तेव्हा कुठे त्याच्या तोंडून लालाहचं नाव निघतं. कोंडीत सापडलेल्या माणसाचं ते उत्तर आहे, त्याच्या सगळ्या आयुष्याचा खुलासा नव्हे.

त्याच्याही आधी काय होतं ते पाहा. ॲक्सिसला मागे ढकलायला दोन्ही बाजूंचे सैनिक येऊन चिकटलेत, सायकोफ्रेमचा हिरवा उजेड पसरतोय. हरलेला शार तो उजेड अंगावर घेतो, त्याला ऊब जाणवते. आणि तो ओरडून म्हणतो, ‘पण हीच ऊब असलेली माणसं पृथ्वीसुद्धा नष्ट करतात. हे समजून घे, आमुरो!’